‘कळलं नाही’चा रकाना

समुपदेशनासाठी माझ्याकडे पहिल्यांदा श्रावणीची आई आली, एकटीच. पिशवी मांडीवर घट्ट धरून खुर्चीच्या कडेवर बसली. पतपेढीत नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं.

“मॉडेलिंग करते त्याला आमचा विरोध नाही हो. पहिल्या पोर्टफोलिओचे पैसे हिच्या बाबांनीच दिले. पण आता हे पत्र काय लिहितात, सह्या काय गोळा करतात, व्हिडिओत काय बोलतात! ज्यांच्याकडून काम मिळतं त्यांच्याशीच वाकडं घ्यायचं का? उद्या सगळे म्हणाले, ही नको, ही कटकट करते, तर? मॅडम, तुम्ही तिला जरा समजवा.”

‘समजवा’ हा शब्द आला की मी सावध होते. समजवायला माणूस हवा असेल तर घरात काका-मामा असतात, त्याची फी पडत नाही. मी म्हटलं, तिला यायचं असेल तर येऊ दे.

श्रावणी आली. (नाव बदललं आहे, काही तपशीलही. हे लिहिलेलं मायलेकींनी वाचलं आहे.) वय चोवीस, राहणार कल्याण. ऑनलाइन विक्रीचे कॅटलॉग, साड्या, लग्नाचे घागरे, कधीतरी दागिने, अशी कामं. रंग सावळा, तिच्या आजीच्या भाषेत ‘रंगाने जरा डावी, पण नाकीडोळी नीटस’. तिने आणि तिच्यासारख्या आठ जणींनी मिळून कास्टिंग कोऑर्डिनेटर, म्हणजे शूटसाठी मॉडेल शोधून देणाऱ्या लोकांना एक पत्र लिहायला घेतलं होतं. आठांत एक अंगाने भरलेली, एकीच्या हातावर कोड, एक तृतीयपंथी. मागण्या साध्या. कामाच्या मेसेजमध्ये ‘फेअर’ लिहू नका. मेकअपच्या पेटीत सगळ्या शेड ठेवा. आमचा फोटो एडिट करताना रंग बदलू नका.

श्रावणीचा प्रश्न मला नवा नव्हता. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने, आयटीतल्या मुलाने, एका नर्सनेही तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे: बोललं तर काम जातं, गप्प बसलं तर झोप जाते. काय करू?

आता माझी चूक सांगते. पहिली दोन सत्रं मी चुकीच्या दारावर टकटक करत होते. सावळी मुलगी, नकार, रडू, झोप नाही, एवढं ऐकून माझ्या डोक्यात ‘आत्मप्रतिमा’ हा कप्पा उघडला आणि मी तिला सरळ त्यात बसवलं. लहानपणी घरात काय ऐकलं, आरशात बघताना मनात काय येतं, स्वतःबद्दलच्या पाच चांगल्या गोष्टी लिहून आण. वर विठ्ठलाच्या सावळ्या रंगाचाही दाखला दिला, हे कबूल करायला लाज वाटते.

ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, विठ्ठलाला कास्टिंग नसतं.”

तिसऱ्या सत्राला तिने पर्समधून काजळाची एक जुनी डबी काढली. आत बदामी-तपकिरी क्रीम. दोन बाटल्यांतलं फाउंडेशन कालवून तिने स्वतःची शेड बनवली होती. ती म्हणाली, “मला आरशाचा प्रॉब्लेम नाही. सेटवरच्या पेटीत माझा रंगच नसतो, हा प्रॉब्लेम आहे.” मग तिने फोनवर एक फोटो दाखवला. दोन शेड उजळ फाउंडेशन चोपडलेला तिचा चेहरा राखाडी दिसत होता, कारखान्यातल्या गणपतीला रंगाआधी नुसता पांढरा हात मारून ठेवतात ना, तसा. खाली मान वेगळी, हात वेगळे. चेहऱ्याशी जुळावं म्हणून मग मनगटापर्यंत लेप. पैठणीच्या शूटला तो लेप काठाला लागला आणि बोलणी कोणी खाल्ली, तर हिने.

मी वही मिटली. समोरच्या माणसावर खरोखर अन्याय होत असताना त्याला ‘स्वतःवर प्रेम करा’ सांगणं म्हणजे पावसात भिजणाऱ्याला सर्दीची गोळी देऊन छत्री काढून घेणं. आमच्या व्यवसायात हे फार होतं.

तरीही तिची झोप गेली होती, हे खरंच होतं. ती कशाने गेली? नकाराने म्हणावं तर या धंद्यात नकार रोजचा. गोरीगोमटी मुलगीसुद्धा दहा ठिकाणी फोटो पाठवते तेव्हा एका ठिकाणाहून फोन येतो. श्रावणीला ते ठाऊक होतं. म्हणून मी तिला एक काम दिलं. महिनाभर नोंद ठेवायची. तारीख, कशासाठी विचारणा, उत्तर काय, आणि नकाराचं कारण चार रकान्यांत: रंग, उंची-माप, तारखा किंवा पैसे, कळलं नाही.

हे काम सुचलं तिनेच दाखवलेल्या एका गोष्टीवरून. बेथॅन हार्डिसन नावाची अमेरिकन कृष्णवर्णीय मॉडेल. 28 नोव्हेंबर 1973 ला व्हर्सायच्या राजवाड्यात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनरांचा सामना रंगला होता, त्यात अमेरिकेकडून रॅम्पवर चालणाऱ्यांतली ती एक. पुढे तिने स्वतःची एजन्सी काढली. 2013 मध्ये, सत्तरी गाठल्यावर, तिने न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिसच्या फॅशन संघटनांना खुलं पत्र लिहिलं. सोबत इमान आणि नाओमी कॅम्पबेल या नावाजलेल्या कृष्णवर्णीय मॉडेल. पत्रात नुसती तक्रार नव्हती. कोणत्या डिझायनरने आपल्या शोमध्ये एकही किंवा एकच कृष्णवर्णीय मॉडेल घेतली, त्यांची नावंच दिली होती. आणि मुद्दा असा, की तुमचा हेतू काहीही असो, परिणाम वंशभेदाचा आहे.

माझ्या कामाच्या दृष्टीने हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. हेतू शोधायला गेलात की रात्र जाते. ‘त्याला माझा रंग आवडला नसेल का? की मीच जास्त बोलले? की खरंच तारीख बदलली?’ याला अंत नाही. मोजायला बसलात तर निदान एक कागद हातात राहतो.

महिन्याने वही आली. रंगाचा रकाना होता, आणि चांगला भरलेला होता. ‘डस्की नको, क्लायंट नॉर्थचा आहे’ असा मेसेज जशास तसा उतरवलेला. उंचीचा होता, तारखांचाही. पण सगळ्यांत लांब होता ‘कळलं नाही’. ‘क्लायंटला जरा वेगळा लुक हवा होता.’ ‘नेक्स्ट टाइम नक्की.’ किंवा नुसत्या दोन निळ्या टिका.

श्रावणी त्या रकान्यावरून बोट फिरवत म्हणाली, “रंगवाले परवडले. त्यांचा निदान राग तरी येतो.”

तिचं दुखणं या वाक्यात होतं. नकार भेदभावामुळे आला की आपल्यातच काही कमी पडलं, हे कळायला मार्ग नसतो तेव्हा माणूस दोन्ही बाजूंनी झिजतो. भेदभाव धरला तर ‘मी बहाणे शोधतेय का’ अशी टोचणी, स्वतःला दोष दिला तर उरलासुरला विश्वास जातो. अशा वेळी समुपदेशकाने ‘सगळं तुझ्या मनात आहे’ म्हणणं चूक, आणि ‘सगळं जगाचंच चुकतंय’ म्हणणंही चूक. चौथ्या रकान्यातल्या एकेका ओळीचा निकाल लावायचा नाही, तो तसाच कोरा सोडायचा, एवढंच आम्ही शिकत होतो. ते वाटतं त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

आता पत्राचं. ‘काम जाईल का?’ याला मी ‘नाही जाणार’ असं गोड उत्तर दिलं नाही. काही जाईल, म्हटलं. मग आम्ही अगदी घरगुती हिशोब मांडला. या धंद्यात मानधन दोन-दोन, तीन-तीन महिने थकतं. तेव्हा आधी थकलेले पैसे वसूल कर, मग पत्र पाठव. तीन महिन्यांचं भाडं-प्रवास बाजूला टाक. पत्र एकटीच्या नावाने नको, नऊही जणींच्या सहीने जाऊ दे. शूट चालू असताना सेटवर वाद नको. मेकअप करणारी मुलगीही रोजावरच आलेली असते, पेटी भरणं तिच्या हातात नसतं. शेडचं आणि एडिटिंगचं आदल्या दिवशी मेसेजवर लिहून घे, म्हणजे पुरावा राहतो. व्हिडिओत कोणाचं नाव घेऊ नकोस, काय घडलं ते सांग.

जाहिरात मानक परिषदेकडे (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी त्या क्षेत्राचीच संस्था) तक्रार करता येईल का, असंही तिने विचारलं. गोरेपणाच्या उत्पादनांसाठी त्यांचे 2014 पासूनचे नियम आहेत: सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी, लग्नाच्या किंवा नोकरीच्या बाजारात मागे पडलेला दाखवायचं नाही. पण ते नियम लोकांसमोर आलेल्या जाहिरातीला लागतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या ‘फेअर गर्ल्स ओन्ली’ला तिथे दार नाही. हे ऐकून ती हिरमुसली, पण खोटी आशा देण्यापेक्षा ते बरं.

तिला घाईही फार होती. पत्र गेलं की सहा महिन्यांत सगळं बदलेल, नाहीतर आपण हरलो. मी तिला तिच्याच फोनमधल्या तारखा वाचायला लावल्या. जुलै 2008 मध्ये ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या इटालियन आवृत्तीने अख्खा अंक कृष्णवर्णीय मॉडेलांवर काढला. तो इतका खपला की पुन्हा छापावा लागला. आणि हार्डिसनबाईंचं पत्र त्यानंतर पाच वर्षांनी. एका अंकाने भागलं असतं तर सत्तरीच्या बाईला पत्र लिहायची वेळ कशाला आली असती? आपल्याकडेही मूळची नेपाळची तृतीयपंथी मॉडेल अंजली लामा मुंबईत दोनदा नाकारली गेली आणि 2017 मध्ये लॅक्मे फॅशन वीकला चालली. त्या आठांतल्या एकीने तिचा फोटो वॉलपेपर करून ठेवला होता. श्रावणीच्या भिंतीवर मात्र मधु सप्रे होती. 1992 ची मिस इंडिया, मराठी, सावळी, मैदानावर वाढलेली. “आईनेच लावलाय,” ती म्हणाली, आणि गप्प झाली.

गप्प का झाली ते पुढच्या वेळी कळलं. त्या पैठणीच्या शूटचा फोटो छापून आला, तेव्हा एडिटिंगमध्ये तो आणखी उजळवला होता. आईने तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आत्याचं लगेच उत्तर: ‘ही आपली श्रावणी? केवढी गोरी दिसतेय!’ आणि आईने त्याखाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

कोऑर्डिनेटरच्या नकारांवर ती कधी रडली नव्हती. यावर रडली.

तिच्या संमतीने मी आईला बोलावलं. दोघी शेजारी, मध्ये टिश्यूचा डबा. बराच वेळ कोणी बोलेना. मग आई म्हणाल्या, “मला वाटलं तुला बरं वाटेल. सगळे कौतुक करत होते.”

“माझं नव्हते करत,” श्रावणी म्हणाली.

मी मध्ये पडले नाही. आईंनी टेबलावरची वही ओढून घेतली, रकाने वाचले. चौथ्यावर थांबल्या.

“माझ्या वेळी पाच स्थळं आली होती, तुझ्या बाबांच्या आधी. कांदेपोहे खाऊन जायचे आणि आठवड्याने पोस्टकार्ड यायचं, पत्रिका जुळत नाही. पाचही जणांची. मी एकदा चोरून आमच्या गुरुजींना जाऊन विचारलं, माझ्या पत्रिकेत एवढं काय आहे हो? ते म्हणाले, काही नाही गं, चांगली आहे.” वही मिटून त्यांनी लेकीकडे सरकवली. “मग काय, साय आणि डाळीचं पीठ. तेच तुलाही लावलं.”

श्रावणीने आईकडे पाहिलं, ते पाहणं मला लिहिता येणार नाही. मग तिने पेन काढलं आणि विचारलं, “आई, ही पाच कुठल्या रकान्यात टाकू?”

आई हसल्या. रडता रडता हसल्या.

त्या सत्रानंतर घरात सगळं आलबेल झालं असं नाही. आईंना सह्यांची मोहीम अजूनही पटत नाही. पण त्यांनी ग्रुपवरचा तो फोटो काढून शूटच्या आधी श्रावणीने स्वतः काढलेला सेल्फी टाकला. आत्याने त्यावर काही लिहिलं नाही. पत्र गेलं. दोन कोऑर्डिनेटरांनी श्रावणीला ग्रुपमधून काढलं. एकाने फोन करून अर्धा तास ऐकून घेतलं. हातावर कोड असलेल्या मुलीला दागिन्यांचं एक काम मिळालं, हात न झाकता. ते पत्रामुळे की सहज, कळलं नाही. श्रावणी आता कॅटलॉगच्या जोडीला एका स्टुडिओत स्टायलिंगला मदत करते. झोप बरीच सुधारली आहे. महिन्यातून एकदा येते.

मागच्या महिन्यात तिने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. तिच्या जुन्या ग्रुपमधल्या मैत्रिणीने तो तिला दिला होता. मेसेजमधला ‘फेअर’ शब्द गेला होता. त्या जागी होतं, ‘ब्राइट ग्लोइंग कॉम्प्लेक्शन’. 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली तीच चाल. खाली श्रावणीने लिहिलं होतं, “मॅडम, पाचवा रकाना आखला.”