२,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे ऑयलर यांनी हाताने कसे ठरवले?

संगणक नसताना एवढी मोठी संख्या मूळ असल्याची खात्री अठराव्या शतकातील गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी कशी केली आणि तिच्यात आणखी काय विशेष आहे, असे आपण विचारले आहे.

सरळ मार्गाने गेल्यास तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. परंतु ही संख्या म्हणजे २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या आहे, आणि सगळी किल्ली तिथेच आहे. समजा, प ही मूळ संख्या तिला निःशेष भागते. तर २ च्या ३१ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ येते आणि ३१ स्वतः मूळ असल्यामुळे त्याहून लहान कोणत्याही घाताला ती येत नाही. फर्मा यांच्या प्रमेयानुसार २ च्या (प − १) व्या घातालाही बाकी १ येते, म्हणून प − १ ला ३१ ने, आणि प विषम असल्यामुळे ६२ नेही, भाग गेलाच पाहिजे. शिवाय २ चा ३२ वा घात हा पूर्ण वर्ग असून त्याला प ने भागल्यावर बाकी २ येते; एखाद्या पूर्ण वर्गाला विषम मूळ संख्येने भागून बाकी २ येण्याबाबतच्या ज्ञात नियमानुसार प ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरू शकते. या दोन्ही अटी एकत्र केल्या, की प ला २४८ ने भागल्यावरची बाकी १ किंवा ६३ एवढीच शक्य राहते.

अशा संख्या ४६,३४० पर्यंत ३७३ च आहेत आणि त्यांतल्याही बऱ्याच मूळ नाहीत. मी कागदावर यादी करून पाहिली: ६३ आणि २४९ बाद होतात, ३११ ही पहिली मूळ संख्या मिळते, आणि त्यानंतरची थेट १,३०३. भागाकार केल्यावर ३११ ने बाकी ३५ उरते, १,३०३ ने २२६. सेंट पीटर्सबर्गमध्ये दृष्टी जवळपास गेलेली असताना, १७७२ पर्यंत, ऑयलर यांनी हे काम तडीस नेले होते, याचे मला आजही अतिशय अप्रूप वाटते.

इतर गुणधर्मांपैकी दोन थोडक्यात सांगतो. या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीजच्या आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेएवढी असणारी संख्या, मिळते. तसेच संगणकातील ३२ बिटांच्या (म्हणजे ३२ द्विमान अंकांच्या) चिन्हांकित, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या असल्यामुळे, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्या पद्धतीने मोजणाऱ्या जुन्या प्रणालींची मर्यादा भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा गुणधर्म. २ च्या घातातून १ वजा करताना घातांक ३ घेतला तर ७, ७ घेतला तर १२७, अशा मूळ संख्या मिळत जातात. मग आपली संख्याच घातांक म्हणून घेतली तर? ६४ कोटींहून अधिक अंकांची ती संख्या मात्र मूळ नाही. तिचा एक विभाजक २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ हा आहे, आणि तो बरोबर १,३७,४९० गुणिले २,१४,७४,८३,६४७ अधिक १ एवढा भरतो, म्हणजे वर ६२ च्या बाबतीत पाहिलेला नियमच इथेही लागू पडतो.