गाडीचे प्रश्न: आधी फडका बदला, वॅक्सचं मग बघू

या वेळी काळ्या, गडद निळ्या आणि गडद राखाडी गाडीवाल्यांची इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. मायलेजवाले, जरा दम धरा.

प्रश्न: सर, माझी काळी एसयूव्ही आहे, घेऊन वर्षसुद्धा झालं नाही. सावलीत एकदम मस्त दिसते पण उन्हात आली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात, रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली तर बघवत नाही. सोसायटीतला मुलगा रोज पुसतो, म्हणजे निगा तशी नीट आहे. कुठलं वॅक्स लावलं की या रेघा जातील? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: रोज पुसतो तिथंच तर घोळ आहे ना! त्या पोराचा दोष नाही हां, त्याला एका बादलीत दहा गाड्या उरकायच्या असतात, तिसऱ्या गाडीपर्यंत पाण्याचा चहा झालेला असतो आणि तेच पिवळं फडकं त्यात बुचकळून तुमच्या बॉनेटवर गोल गोल फिरतं. तुमच्या भागात बांधकामं चालू, रस्ते खणलेले, त्यामुळे गाडीवर जी धूळ बसते ती नुसती माती नसते, वाळूचे आणि सिमेंटचे बारीक कण असतात आणि ते गाडीच्या रंगापेक्षा कडक असतात. फडक्याने ती धूळ निघते हे खरं, पण निघता निघता ओरखडे काढत जाते.

आता वॅक्सचं. वॅक्सने रेघ जात नाही. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. तुमच्या रेघा त्या थरात आहेत, काळ्या रंगात नाहीत. शेजारच्यांच्या पांढऱ्या गाडीवर पण तेवढ्याच असतील, फक्त पांढऱ्यावरून सगळीकडून उजेड परत येतो त्यात त्या बुडून जातात, काळा रंग उजेड गिळतो आणि मग रेघेच्या कडेवरून परत आलेली तेवढीच चमक डोळ्यात भरते. आणि त्या गोल पण नसतात बरं का, आडव्यातिडव्या सगळ्याच दिशांना असतात, दिव्याच्या उजेडाला ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात म्हणून दिव्याभोवती गोल दिसतात.

घालवायच्या असतील तर पॉलिश करावं लागतं, म्हणजे मशीनने बारीक घासून क्लिअर कोटचा वरचा दोनेक मायक्रॉनचा पापुद्रा काढायचा आणि पृष्ठभाग सपाट करायचा. काढलेला थर परत येत नाही, म्हणून दर दिवाळीला हौस म्हणून रबिंग-पॉलिश करणारे लोक बघितले की मला त्या गाडीची दया येते. एकदा चांगल्या माणसाकडून करून घ्या, आधी त्याला एक फूटभर जागेवर करून दाखवायला सांगा आणि ती उन्हात नेऊन बघा. तेलकट पॉलिश फासून रेघा झाकणारे पण भरपूर आहेत, दोन धुण्यांत सगळ्या परत हजर. जी रेघ नखाला अडकते तिचा मात्र नाद सोडा, ती पॉलिशने पूर्ण जात नाही.

पण हे सगळं करायच्या आधी रोजचं पुसणं बंद. त्या मुलाला सांगा, पैसे तेवढेच देतो, रोज काचा आणि आतून साफ कर, बॉडीला हात लावू नको. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः धुवा: आधी पाइपने नुसतं पाणी मारून धूळ वाहून जाऊ द्या, मग दोन बादल्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक दरवाजा धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मग परत शॅम्पूत. वरून खाली यायचं, टप आधी, खालचे पत्रे आणि बंपर शेवटी कारण खरी खडी तिथं असते. चाकांना वेगळं फडकं, आणि ते फडकं पुन्हा गाडीला लागता कामा नये. कोरडं करताना टॉवेल पसरून अलगद ओढायचा, घासायचा नाही. भांड्याचा साबण नको, वॅक्स धुवून नेतो. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर पण नको, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि कापड पाणी टिपत नाही.

प्रश्न: गडद निळी गाडी, पार्किंग आंब्याखाली, दुसरी जागाच नाही. मोहोराच्या दिवसांत गाडीवर चिकट थेंब पडतात आणि मग काळं काळं होतं. शेजारचे काका म्हणतात रॉकेलने पूस. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: तो झाडाचा चीक नाही, तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि तो गोड चिकटा खाली सोडतात, त्यावर जी काळी बुरशी धरते ती कोळशी, बागायतदाराला विचारा, तो तुमच्यापेक्षा जास्त वैतागलेला असेल. गाडीवरची काढायला कोमट पाण्यात शॅम्पू घालून ओलं कापड त्या जागेवर पाच-दहा मिनिटं नुसतं ठेवा, विरघळलं की उचलून घ्या, नखाने खरवडू नका. काकांना नमस्कार सांगा पण रॉकेल, डिझेल नको. त्याने तात्पुरती चमक येते, जुने टॅक्सीवाले करायचे, पण आधीचं वॅक्स निघून जातं आणि मागे राहिलेल्या तेलकट थरावर धूळ जास्त बसते.

मोहोराच्या आधी, डिसेंबरमध्येच वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम थर) लावून ठेवा, मग चिकटा वॅक्सला धरतो, रंगाला नाही, आणि लवकर सुटतो. पक्ष्यांच्या शिटेचं पण तेच, फक्त तिथं वेळ कमी असतो. तिच्यात युरिक ॲसिड असतं आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती काही तासांत डाग पाडते, आणि गडद गाडी तापते पण जास्त. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले लॅबने २०११ मध्ये एकाच मॉडेलच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या उन्हात उभ्या करून मोजलं होतं, चंदेरीचं छप्पर काळीपेक्षा २५ अंशांपर्यंत थंड निघालं आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी. म्हणून पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ कापड गाडीतच ठेवा. वर कापडी कव्हर घालणार असाल तर गाडी धुतलेली हवी, नाहीतर वाऱ्याने कव्हर फडफडतं आणि खालची धूळ दिवसभर घासत बसते.

प्रश्न: बोअरचं पाणी आहे. धुतली की पांढरे ठिपके राहतात, पुसून जात नाहीत. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार आहे तो, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करा, थंड पत्र्यावर सावलीत, कापड भिजवून मिनिटभर ठेवा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. त्या जागेचं वॅक्स पण जाईल, ते परत लावायचं. तरी राहिले तर समजा क्षार क्लिअर कोटमध्ये रुतलाय, मग पॉलिशच. पुढे मात्र सकाळी सात-आठच्या आत धुवा, आणि गाडी आपोआप वाळू देऊ नका. वॅक्स केलेल्या गाडीवर पाण्याचे छान मणी उभे राहतात म्हणून लोक फोटो काढत बसतात, बोअरच्या पाण्याचे ते मणी उन्हात वाळले की प्रत्येक मण्याचा एक ठिपका होतो.

प्रश्न: दादा मी पहिल्यांदाच वॅक्स लावलं, गाडी काळी. आता धुरकट चट्टे दिसतायत आणि बंपरच्या प्लास्टिकवर पांढरं बसलंय, काय चुकलं? (कॉलेजचा विद्यार्थी, ठाणे)

उत्तर: मित्रा, दोनच गोष्टी असतात, एकतर गाडी गरम होती किंवा तू वॅक्स लोण्याच्या गोळ्याएवढं घेतलंस. बहुतेक दोन्ही. पत्रा हाताला थंड लागला पाहिजे, आणि थर इतका पातळ की लावलंय की नाही असं वाटावं. चट्ट्यांवर अगदी थोडं ताजं वॅक्स लावून लगेच स्वच्छ मायक्रोफायबरने पूस, जुनं त्यात सुटून येतं. प्लास्टिकवरचं मऊ टूथब्रश आणि शॅम्पूच्या पाण्याने हळूहळू निघेल, पुढच्या वेळी आधी मास्किंग टेप लाव.

आणि लावायच्या आधी एक बघ: धुतलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून हात फिरव, खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, ती फिरव, भरपूर शॅम्पूचं पाणी मारत. रेल्वेलाइनजवळ गाडी लावत असशील तर हमखास लागेल, लोखंडाचे कण बसतात. खालचा कचरा तसाच ठेवून वरून वॅक्स लावण्यात काही अर्थ नाही. कार्नोबा वॅक्स, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, काळ्यावर सुंदर दिसतं पण आपल्या उन्हापावसात महिना-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने. मी पावसाळ्याआधी सीलंट आणि दिवाळीला कार्नोबा असं सुचवेन.

प्रश्न: शोरूमवाले सिरॅमिक कोटिंग घ्याच म्हणतायत, म्हणे मग गाडीला कधी ओरखडा येत नाही. खरं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही. सिलिकाचा थर असतो, मळ लवकर निघतो, वॅक्सपेक्षा खूप जास्त टिकतो, हे सगळं खरं, पण घाणेरड्या फडक्याने त्यावर पण रेघा पडतात, दगड लागला तर टवका उडतोच. आणि कोटिंगच्या आधी नीट पॉलिश केलं नाही तर आधीच्या रेघा खालीच राहतात. पैसे असतील तर घ्या, पण तो रोजचा फडका बंद करणार असाल तरच.

प्रश्न: मागच्या आठवड्यात दरवाजा रंगवून घेतला, वॅक्स मारू का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: महिनाभर तरी थांबा. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात, गॅरेजच्या बूथमध्ये ६० वगैरे, त्यामुळे आत राहिलेलं थिनर नंतर हळूहळू उडत असतं. तोवर नुसतं धुवा.

प्रश्न: दसऱ्याला गाडीची पूजा होते, सासूबाई बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, हाराने पण ओरखडे येतात. नाही कसं म्हणणार? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर: नाही म्हणूच नका ताई. आदल्या दिवशी गाडी धुऊन वॅक्स करा, स्वस्तिक काचेवर काढून घ्या किंवा कुंकू पाण्यात नीट कालवून द्या, कोरडं बोटाने घासलं की त्यातली कचकच रेघा पाडते. संध्याकाळी पाणी ओतून जाऊ द्या, फडक्याने पुसू नका. हार ग्रिलला बांधा, बॉनेटवर आडवा नको, आणि हार घालून हायवेला जाऊ नका, त्याची सुतळी आणि तार वाऱ्याने आपटत राहते. झेंडू भिजून दोन दिवस गाडीवर राहिला तर त्याचा पण डाग धरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी हार उतरवा.

प्रश्न: मॅट ब्लॅक गाडीला कुठलं वॅक्स? (एक वाचक, सातारा)

उत्तर: कुठलंच नाही. पॉलिश तर अजिबात नाही, एकदा चकाकलेला पट्टा परत मॅट होत नाही. मॅटसाठीचा वेगळा शॅम्पू आणि मॅटचाच सीलंट मिळतो, तेवढंच वापरा, आणि ऑटोमॅटिक ब्रशवाल्या वॉशिंग सेंटरला गाडी घालू नका.