रासायनिक समीकरणात दोन्ही बाजूंचे अणू सारखे आले की ते संतुलित झालं असं समजायचं का?

आयन (विद्युतप्रभार असलेले अणू किंवा अणुगट) नसतील तर हो; आयन असतील तर दोन्ही बाजूंचा एकूण विद्युतप्रभारही सारखा यायला हवा, कारण अभिक्रियेत अणूंसारखाच प्रभारही नव्याने तयार होत नाही की नाहीसा होत नाही. प्रयोगशाळेतलं नेहमीचं टायट्रेशन (एका द्रावणाने दुसऱ्यातल्या पदार्थाचं प्रमाण मोजणं) घ्या. डावीकडे १ परमँगनेट (MnO₄⁻), १ फेरस (Fe²⁺) आणि ८ हायड्रोजन आयन (H⁺). उजवीकडे १ मँगनीज आयन (+२), १ फेरिक (Fe³⁺) आणि ४ पाणी (H₂O). अणू मोजा, सगळे जुळतात! आता प्रभार मोजा: डावीकडे −१ + २ + ८ = +९, उजवीकडे २ + ३ = +५. म्हणजे चुकलं. परमँगनेटला ५ इलेक्ट्रॉन लागतात आणि एक फेरस एकच देतो. फेरस-फेरिक ५-५ घेतले की दोन्हीकडे +१७ येतात.

जुळत नाही म्हणून सूत्रातला खालचा अंक मात्र बदलायचा नाही. पाण्यात ऑक्सिजन २ केलेत तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, पदार्थच वेगळा.

आणि संतुलित आहे म्हणून अभिक्रिया होईलच असंही नाही: तांबं आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं समीकरण कागदावर छान जुळतं, परीक्षानळीत हायड्रोजन काही निघत नाही.