११८ वे मूलद्रव्य खरोखरच वायू आहे का?

प्रश्न : मी दहावीला विज्ञान शिकवते. ११८ वे मूलद्रव्य ओगॅनेसन राजवायूंच्या गणात आहे, म्हणजे तो वायूच ना, असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा मी ‘हो’ म्हणाले. त्यावर तिने ‘मग तो साठवतात कशात?’ असे विचारले आणि मी निरुत्तर झाले. कृपया खुलासा करावा.
– एक शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ओगॅनेसन कशातही साठवलेला नाही, कारण आजवर त्याचे जेमतेम पाच-सहा अणू तयार झाले आहेत आणि त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) सुमारे ०.७ मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. विद्यार्थिनीचा पहिला प्रश्न मात्र अधिक खोल आहे आणि त्याला आपण दिलेला होकार, स्पष्टच सांगायचे तर, घाईचा होता.

रशियातील दुब्ना येथील संयुक्त अणुसंशोधन संस्थेत, अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या सहकार्याने, २००२ साली कॅलिफोर्नियम-२४९ च्या पातळ थरावर कॅल्शियम-४८ च्या केंद्रकांचा मारा करण्यात आला. कॅल्शियमचे २० आणि कॅलिफोर्नियमचे ९८ प्रोटॉन मिळून ११८ होतात. तीन न्यूट्रॉन बाहेर पडले की उरतो तो ओगॅनेसन-२९४. तो अणू प्रत्यक्ष कोणी पाहिला नाही. तो अल्फा कण (दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचा गट) फेकून लिव्हरमोरियम होतो, ते पुन्हा अल्फा कण फेकून फ्लेरोव्हियम होते, आणि ही साखळी अखेर केंद्रक दुभंगून संपते. शोधयंत्रावर एकाच ठिकाणी, ठरावीक ऊर्जेच्या या नोंदी ओळीने उमटल्या, की मूळ अणू कोणता होता ते उलटे मोजत जाऊन ठरवता येते. महापूर ओसरल्यावर भिंतीवरच्या खुणेवरून पाणी कुठवर चढले होते ते ओळखावे, तसेच हे आहे. सांगलीकरांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

अशा अप्रत्यक्ष पुराव्याबाबत शास्त्रज्ञ कठोर असतात, आणि त्याला कारणही आहे. बर्कली येथील प्रयोगशाळेने १९९९ मध्ये याच मूलद्रव्याचा दावा केला होता. पुढे कोणालाही, खुद्द त्या प्रयोगशाळेलाही, तसे निष्कर्ष पुन्हा मिळाले नाहीत, म्हणून २००१ मध्ये तो मागे घ्यावा लागला आणि नंतरच्या चौकशीत मूळ नोंदीच बनावट असल्याचे निष्पन्न झाले. दुब्नाच्या गटाने २००५ मध्ये प्रयोग पुन्हा केला, २००६ मध्ये शोध जाहीर केला, तरी अधिकृत मान्यता डिसेंबर २०१५ मध्ये मिळाली. पुढच्या वर्षी दुब्नाच्या गटाचे प्रमुख युरी ओगानेसियान यांच्यावरून नाव ठरले. हयातीत असा मान मिळालेले ते दुसरेच शास्त्रज्ञ. पहिले ग्लेन सीबोर्ग.

आता वायूविषयी. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन यांच्याप्रमाणे नावाच्या शेवटी ‘न’ आला, तो अठराव्या गणासाठीच्या नामकरणाच्या नियमामुळे. गुणधर्म तपासून नव्हे. केंद्रकात ११८ प्रोटॉन असल्याने आतले इलेक्ट्रॉन इतक्या प्रचंड वेगाने फिरतात की सापेक्षतावादाचे परिणाम ठळक होतात, आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व मांडणीही त्यामुळे बदलते. गणितानुसार बाहेरचे इलेक्ट्रॉन सैलसर पसरलेले असावेत, अणू एकमेकांकडे जोराने ओढले जावेत आणि हा पदार्थ सामान्य तापमानाला स्थायू असावा; २०२० मधील एका गणनेप्रमाणे तो सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळेल. इतर राजवायू जादा इलेक्ट्रॉन स्वीकारत नाहीत, हा मात्र स्वीकारू शकेल, असेही भाकीत आहे. म्हणजे नाव राजवायूचे, पण तो ना वायू, ना पुरता निष्क्रिय! मात्र हे सारे कागदावरचे आहे. फ्लेरोव्हियमचे काही समस्थानिक (न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले प्रकार) सेकंदभर टिकतात, म्हणून सोन्याच्या पृष्ठभागावर ते चिकटते का हे एकेका अणूवर तपासता आले, ०.७ मिलिसेकंदात तेवढीही सवड मिळत नाही.

विद्यार्थिनीला वहीत ‘गण १८, आवर्त ७; अवस्था : बहुधा स्थायू, पडताळणी नाही’ असे लिहायला सांगावे. परीक्षेत गण विचारला तर तिने ‘राजवायूंचा गण’ लिहावे; तेथे वाद घालण्यात गुण नाहीत.