चौदा आठवड्यांत स्टेज? : शरीरसौष्ठवातल्या नव्या स्पर्धकांचे प्रश्न

प्रश्न : वय २९, उंची १६२ सें.मी., वजन ५८ किलो. आठ महिन्यांपासून वजनं उचलते. चौदा आठवड्यांनी नवोदितांची स्पर्धा आहे. आजपासून कटिंग (स्नायू राखून चरबी उतरवायचं डाएट) सुरू करू का? जिममधल्या मोजणीत चरबी २६ टक्के आली.

उत्तर : नको. आधी हिशेब पाहू. २६ टक्के धरले तर चरबी सोडून तुमचं शरीर साधारण ४३ किलोचं आहे. (जिममधल्या यंत्रांचा आकडा सहज तीन-चार टक्के इकडेतिकडे असतो, पण हिशेबापुरता चालेल.) बिकिनी कॅटेगरीत (बायकांच्या स्पर्धेतला सगळ्यांत कमी स्नायूंचा गट) उभं राहण्याइतकं, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास यायचं तर वजन ५० किलोवर आणावं लागेल. स्नायू टिकवून चरबी घालवायची तर आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढाच वेग झेपतो. तुमच्या बाबतीत तो सरासरी ४०० ग्रॅम धरा. आठ किलोला वीस आठवडे झाले, आणि मधे आजारपण, प्रवास, अडलेला काटा यांसाठी तीन-चार आठवडे हाताशी हवेत. चौदा आठवड्यांत हे बसवायला गेलात तर चरबीबरोबर स्नायूही जातील.

खरी अडचण तारखेची नाहीच. कटिंगने काहीही घडत नाही, घडलेलं उघडं पडतं. आठ महिन्यांत खांदे आणि ग्लूट्स (नितंबांचे स्नायू) इतके आलेले नसतात की चरबी उतरल्यावर आकार दिसावा. वरची चरबी गेली की फक्त बारीक झालेली बाई दिसते. ‘मी कंडिशनमध्ये होते, चरबी पुरेशी उतरली होती, तरी मागच्या रांगेत का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

तेव्हा ही स्पर्धा प्रेक्षकांत बसून पाहा आणि पुढचं वर्ष-दीड वर्ष बांधणीला द्या. आठवड्यातून चार दिवस पुरेत : दोन वरच्या अंगाचे, दोन खालच्या. खांदे, पाठ आणि ग्लूट्स यांना आठवड्याला प्रत्येकी १२ ते १६ सेट (सलग केलेल्या आवर्तनांचा एक गट म्हणजे सेट), बाकीच्यांना ८ ते १०. हिप थ्रस्ट, रोमानियन डेडलिफ्ट, स्क्वॉट, लॅट पुलडाउन, रो, ओव्हरहेड प्रेस आणि लॅटरल रेज एवढ्यांतून बहुतेक काम होतं. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवा की नीट फॉर्ममध्ये आणखी एक ते तीनच रेप्स (आवर्तनं) निघाल्या असत्या. नवशिक्यांचा हा अंदाज फार चुकतो. ‘दोन शिल्लक’ म्हणतात आणि सात निघतात. म्हणून महिन्यातून एकदा मशीनवरच्या एखाद्या व्यायामाचा शेवटचा सेट खरोखर अडेपर्यंत न्या, म्हणजे अंदाज ताळ्यावर येतो.

वजन वाढवायची रीत अशी : ३ सेट, ८ ते १२ रेप्स. तिन्ही सेटमध्ये १२ निघाल्या की अडीच किलो वाढवा आणि पुन्हा आठवर या. लॅटरल रेजला हे जमत नाही. २ किलोच्या डंबेलवरून ३ वर जाणं म्हणजे एकदम ५० टक्के वाढ, मग खांद्याऐवजी मान आणि कंबर काम करू लागतात. तिथे आधी रेप्स २० पर्यंत न्या, मग डंबेल बदला. मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं बसा. घाम यावा म्हणून विश्रांती कापली की पुढच्या सेटचं वजन उतरतं.

खाणं रोजच्या गरजेपेक्षा १५० ते २०० कॅलरी जास्त, प्रथिनं किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ९५ ते १२५. आठवड्याला वजन १५० ग्रॅमच्या आसपास वाढलं तर बरोबर चाललंय. मात्र एका दिवसाच्या काट्यावरून काही ठरवू नका. रोज सकाळी वजन करा, आठवड्याची सरासरी काढा आणि ती मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहा. पाळीआधी साठणाऱ्या पाण्यानेच काटा एक-दोन किलो हलू शकतो. पूरकांपैकी क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम घ्यायला हरकत नाही. बाकीच्या डब्यांचे पैसे वाचवा.

प्रश्न : बिकिनी, वेलनेस, फिगर, फिजिक… मी कशात उतरू?

उत्तर : हे आवडीपेक्षा हाडांच्या ठेवणीवर आणि स्नायू कुठे लवकर भरतात त्यावर ठरतं. बिकिनीत स्नायू सगळ्यांत कमी, खांदे आणि ग्लूट्स गोलसर, फार कोरीव दिसलेलं चालत नाही. वेलनेसमध्ये मांड्या आणि ग्लूट्स मुद्दाम भारी, वरचं अंग त्यामानाने हलकं. ज्यांच्या मांड्या पहिल्यापासून भरलेल्या असतात त्यांनी बिकिनीसाठी त्या ‘उतरवत’ बसण्यापेक्षा इकडे पाहावं. फिगरला रुंद लॅट्स (पाठीचे बाजूचे स्नायू), निमुळती कंबर आणि स्नायूंमधल्या रेषा लागतात. फिजिकमध्ये त्याहून जास्त स्नायू, वेगळ्या पोझेस, आणि स्टेजवर अनवाणी. बिकिनी, वेलनेस आणि फिगर हाय हील्सवर. त्यापलीकडे मूळची बॉडीबिल्डिंग.

या कॅटेगरी एकाच वेळी आलेल्या नाहीत. मिस ऑलिंपिया, म्हणजे बायकांच्या बॉडीबिल्डिंगची सर्वांत मानाची स्पर्धा, १९८० मध्ये सुरू झाली. फिगर ऑलिंपिया २००३, बिकिनी २०१०, फिजिक २०१३ आणि वेलनेस २०२१ मध्ये. मिस ऑलिंपिया स्वतः २०१४ नंतर बंद पडली आणि २०२० मध्ये परतली. निकष सरकत असतात, संघटनेगणिक वेगळेही असतात. म्हणून ज्या संघटनेच्या स्पर्धेत उतरणार तिचं चालू नियमपुस्तक वाचा : सूटचा कट, हील्सची उंची, उंचीचे गट, पोझेसचा क्रम. हे ‘कोणीतरी सांगितलं’वर सोडू नका.

प्रश्न : कटिंगचा दहावा आठवडा. वजन ५४, चरबी अंदाजे १८ टक्के. रोज १३५० कॅलरी खाते, व्यायामात ३५० जातात. तीन महिने पाळी नाही. कोच म्हणतात, हे सगळ्यांचं होतं.

उत्तर : पुष्कळजणींचं होतं हे खरं, म्हणून ते निर्धोक ठरत नाही. तुमचं चरबीविरहित वजन ४४ किलो. खाल्लेल्या १३५० मधून व्यायामाचे ३५० वजा केले की उरले १०००, म्हणजे किलोमागे जेमतेम २३ कॅलरी. हा आकडा ३० च्या खाली दीर्घकाळ राहिला की शरीर प्रजननाचं काम बाजूला ठेवण्याची शक्यता वाढते. इस्ट्रोजेन उतरतं, आणि त्याबरोबर हाडांची घनता. ती सगळी परत मिळेलच असं नाही.

क्रमाने असं करा. आधी गर्भधारणेची चाचणी. हसू नका, ही पायरी वगळली जाते. मग स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक डॉक्टर. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, लोह यांच्या तपासण्या ते ठरवतील. कॅलरी आजपासून ३०० ते ४०० ने वाढवा आणि कार्डिओ कमी करा. गर्भनिरोधक गोळीने आलेला रक्तस्राव म्हणजे पाळी परतली असं समजू नका, मूळची कमतरता तशीच असते. स्पर्धा पुढे ढकलावी लागली तर ढकला. ‘सगळ्यांचं होतं’ म्हणून विषय संपवणारा कोच बदलावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : शेवटच्या आठवड्यात पाणी आणि मीठ किती दिवस आधी बंद करायचं?

उत्तर : बंद करायचंच नाही. स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं, आणि साठलेल्या ग्लायकोजेनच्या (कर्बोदकांचा शरीरातला साठा) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी आत जातं. एकीकडे स्नायू भरावेत म्हणून कर्बोदकं वाढवायची आणि दुसरीकडे पाणी तोडायचं, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. परिणाम : सपाट स्नायू, न येणारा पंप (व्यायामाने स्नायू तात्पुरते फुगणं), पायात गोळे. पाणी उतरवणाऱ्या गोळ्या तर पोटॅशियम बिघडवून हृदयाची लय चुकवू शकतात, शिवाय त्या वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) प्रतिबंधित यादीत आहेत.

पाणी आणि मीठ रोजच्याइतकंच ठेवा. पायांचा शेवटचा जड व्यायाम चार-पाच दिवस आधी. शेवटचे दोन दिवस कर्बोदकं किलोमागे ४-५ ग्रॅमपर्यंत न्या, तंतुमय पदार्थ थोडे कमी करा म्हणजे पोट फुगत नाही. याची रंगीत तालीम तीन आठवडे आधी एकदा होऊ द्या. स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात नको.

प्रश्न : ‘बायकांसाठी सौम्य’ म्हणून ऑक्सँड्रोलोनची गोळी सुचवली आहे. कमी डोस चालेल?

उत्तर : नाही. हे पुरुषी संप्रेरकाच्या जातीचं स्टेरॉइड आहे. त्याने घोगरा झालेला आवाज गोळी थांबवल्यावरही बहुतेक वेळा पूर्ववत होत नाही. कमी डोसलाही ही जोखीम असते, आणि काळ्या बाजारातल्या गोळीत लेबलावरचंच औषध असेल याची खात्री नाही.

प्रश्न : पोझिंग आणि टॅन (स्टेजसाठी अंगाला लावायचा गडद रंग) कधी सुरू करू?

उत्तर : पोझिंग किमान बारा आठवडे आधी, रोज दहा मिनिटांपासून वीसपर्यंत, स्पर्धेच्याच हील्स घालून. पोझ अर्धा मिनिट धरा आणि श्वास चालू ठेवा. श्वास रोखला की पोट थरथरतं. आरशापेक्षा व्हिडिओ बरा, पण कॅमेरा कमरेच्या खाली ठेवा, कारण स्टेज उंच असतो आणि परीक्षक खालून पाहतात. सर्वांत महागात पडणारी चूक : दुसऱ्यांची तुलना चालू असताना रांगेत सैल उभं राहणं. नजर तिथेही फिरत असते.

टॅन सावळ्या त्वचेलाही लागतो. तीव्र दिव्यांत कोणताही रंग फिका पडतो आणि रेषा पुसल्या जातात. केस एक-दोन दिवस आधी काढा, त्वचा घासून घ्या, आणि लावायच्या दिवशी डिओडरंट किंवा क्रीम लावू नका, काखेत हिरवट डाग उठतात. पातळ दोन-तीन थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. कान, बोटांच्या बेचक्या आणि मानेची मागची बाजू विसरली जाते.

प्रश्न : स्पर्धेनंतर तीन आठवड्यांत सहा किलो वाढले. आता पुन्हा डाएट?

उत्तर : पुन्हा डाएट केलंत तर तेच चक्र फिरेल. पहिले दोन-तीन किलो बहुतेक पाणी, ग्लायकोजेन आणि पोटातलं अन्न. उरलेल्याचं कारण म्हणजे लेप्टिन (भूक आवरणारं संप्रेरक) अजून खाली आहे, म्हणून भूक जेवणानंतरही थांबत नाही. दर आठवड्याला ५० कॅलरी वाढवत महिनोन् महिने जाण्याची पद्धत भूक लांबवते. त्यापेक्षा एक-दोन आठवड्यांतच गरजेइतक्या खाण्यावर या, दिवसाला चार ठरलेली जेवणं ठेवा आणि एखादं जास्त झालं तर पुढचं चुकवू नका. स्टेजवरचं वजन राहायचं नसतं. पाळी परतायला महिने लागू शकतात, तोवर पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरू नका.