आई-बाळाचं रक्त मिसळत नाही, मग विषाणू बाळापर्यंत पोचतो कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला अकरावा आठवडा आहे, टॉर्च रिपोर्टमध्ये (गरोदरपणी बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी) रुबेला म्हणजे जर्मन गोवर आणि सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलो विषाणू, दोन्हींचं आयजीजी पॉझिटिव्ह आलंय, आयजीएम निगेटिव्ह. घरात भावाचा दोन वर्षांचा मुलगा आहे, त्याला लांब ठेवा असा तुमच्या आईंचा आग्रह. आणि तुमची शंका, की आईचं आणि बाळाचं रक्त मिसळतच नाही तर विषाणू जातो कुठून?

आधी रिपोर्टचं बोलू, म्हणजे आज झोप लागेल. दोन्ही अँटिबॉडीच, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं: आयजीएम नव्या लागणीत आधी दिसतं, आयजीजी नंतर येऊन टिकून राहतं. आयजीजी आहे आणि आयजीएम नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की ही दोन्ही दुखणी जुनी आहेत. रुबेलाच्या बाबतीत कदाचित लसच. ठळक अक्षरातलं ‘पॉझिटिव्ह’ वाचून घरोघरी रडारड होते, पण इथे ती चांगली बातमी आहे. आपल्याकडे वयात येईपर्यंत बहुतेक बायकांना सीएमव्ही होऊन गेलेला असतो आणि तो झाला कधी हे कळतही नाही. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवाच, पण घाबरत जाऊ नका.

मी डॉक्टर नाही. परळच्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ आहे. बाळंतपणात काही गुंतागुंत झाली की वार, म्हणजे प्लॅसेंटा, फॉर्मॅलिनच्या डब्यातून आमच्या टेबलावर येते. गावी वार पुरायची रीत होती. इथे तपासून झाली की पिवळ्या पिशवीत जाते. साधारण अर्धा किलोची, तांदळाच्या भाकरीएवढी गोल पण चांगली जाड. आईकडची बाजू काळसर लाल आणि फुगीर गाठोड्यांची, बाळाकडची गुळगुळीत, चकचकीत, नाळेकडे धावणाऱ्या रक्तवाहिन्यांची. नवीन आलेल्या मुलींना मी नेहमी एक गोष्ट करून दाखवते. ताजी वार असेल तर आईकडच्या बाजूचा नखाएवढा तुकडा धुऊन पाण्याच्या बशीत सोडायचा. तो उलगडतो. बँडस्टँडच्या खडकांवरचं शेवाळ भरतीच्या पाण्यात हलतं ना, तसे बारीक बारीक तंतू पसरतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. पोटात असताना हे तंतू आईच्या रक्तात डुंबलेले असतात आणि बाळाचं रक्त त्यांच्या आतल्या वाहिन्यांतून फिरत असतं. म्हणजे रक्त मिसळत नाही हे तुम्ही ऐकलंत ते बरोबर, फक्त मधे जे आहे ते फार पातळ आहे.

दिवस भरतात तेव्हा हे सगळे तंतू उलगडून पसरले तर दहा बाय बाराची खोली झाकली जाईल, एवढा त्यांचा पृष्ठभाग. आणि त्यावरचं अस्तर म्हणजे लाद्या नव्हेत, कोबा. शरीरात इतरत्र पेशी लादीसारख्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि सांध्यांतून जंतू घुसू शकतो. इथे असंख्य पेशी वितळून एकच अखंड थर झालेला असतो, सांधाच नाही. नाव अवघड आहे, सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट. आपण कोबाच म्हणू. शिवाय हा कोबा स्वतःहून सतत इंटरफेरॉन नावाची विषाणूरोधक प्रथिनं सोडत असतो, म्हणजे विषाणू यायच्या आधीपासूनच बंदोबस्त. म्हणून गरोदरपणात होणारे बहुतेक सर्दी-ताप बाळाला शिवतही नाहीत.

मग जे जातात ते कसे जातात? प्रत्येकाची वाट निराळी.

वार गर्भाशयाला धरून राहते ती काही तंतूंच्या टोकांनी. त्या टोकांच्या पेशी कोब्यातून बाहेर पडून आईच्या मांसात मुळांसारख्या शिरतात, तिच्या रक्तवाहिन्या रुंद करतात. तिथे कोबा नाही. आईच्या पेशी आणि वारेच्या पेशी खांद्याला खांदा लावून बसलेल्या. सीएमव्ही एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकण्यात पटाईत, त्याला ही मुळं सोयीची पडतात. अशी वार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर पेशी फुगलेल्या दिसतात, मधोमध मोठा गडद ठिपका आणि भोवती पांढरं वलय. घुबडाचा डोळा म्हणतात त्याला. एकदा पाहिला की विसरत नाही.

दुसरी वाट जास्त चमत्कारिक आहे. आईच्या आयजीजी अँटिबॉडी बाळाला मिळाव्यात म्हणून कोब्यावर खास रिसेप्टर असतात. ते अँटिबॉडीला धरतात आणि पलीकडे नेऊन सोडतात. लिफ्टच म्हणा. आयजीएमला या लिफ्टमध्ये प्रवेश नाही, म्हणून नवजात बाळाच्या रक्तात आयजीएम सापडलं तर ते बाळाने स्वतः बनवलेलं धरतात. आता गंमत बघा: अँटिबॉडी विषाणूला धरून असेल तर विषाणूही त्याच लिफ्टने वर जाऊ शकतो. प्रयोगशाळेत सीएमव्हीच्या बाबतीत हे दिसलंय. पण अँटिबॉडी नवी, कच्च्या पकडीची असेल तरच तो विषाणू जिवंत उतरतो. जुन्या, मुरलेल्या अँटिबॉडीची पकड घट्ट असते, ती त्याला वाटेतच निकामी करते. तुमच्या पत्नीच्या रिपोर्टवरचं आयजीजी बहुधा या दुसऱ्या जातीचं आहे.

रुबेला तंतूंच्या आतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतो आणि तिथून सुटलेल्या बाधित पेशी बाळाच्या रक्तातून पुढे जातात. सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली रुबेलाचा हा धोका प्रथम नोंदवला: मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणी जर्मन गोवर होऊन गेला होता. डासांतून पसरणारा झिका विषाणू तंतूंमधल्या बाळाच्याच भक्षक पेशींत ठाण मांडतो. पुण्यात २०२४ साली झिका सापडला तेव्हा गरोदर बायकांच्या सोनोग्राफीवर एवढं लक्ष होतं ते म्हणूनच. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांना मात्र लोक उगाच वारेच्या खात्यात टाकतात. ते बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी जातात, एचआयव्ही अंगावरच्या दुधातूनही. म्हणून तर हिपॅटायटिस बीची पहिली लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत देतात.

आठवड्यांचं गणित जरा उलटं आहे. सीएमव्हीची पहिलीच लागण पहिल्या तिमाहीत झाली तर तो साधारण एक तृतीयांश बाळांपर्यंत पोचतो, शेवटच्या तिमाहीत निम्म्याहून जास्त बाळांपर्यंत. पण लवकर पोचला तर मेंदू आणि कान यांचं नुकसान होऊ शकतं, उशिरा पोचला तर बहुतेकदा काहीच नाही. रुबेला तर पहिल्या १२ आठवड्यांत झाला की दहांपैकी नऊ बाळांना बाधा होऊ शकते, कारण डोळे, कान, हृदय तेव्हाच घडत असतात. विसाव्या आठवड्यानंतर असं व्यंग क्वचितच.

माझं स्वतःचं सांगते. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा, नवव्या आठवड्यात, घराजवळच्या एका खासगी लॅबने सीएमव्ही आयजीएम पॉझिटिव्ह असा कागद हातात दिला. ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येते, कधी कधी जुनं आयजीएम महिनोन्‌महिने रेंगाळतं, हे मला नोकरीमुळे ठाऊक होतं. तरी डोंबिवली ते परळ लोकलमध्ये रोज रडत जायचे. शेवटी अॅव्हिडिटी तपासणी केली. अँटिबॉडी विषाणूच्या तुकड्यांना चिकटू द्यायच्या आणि मग युरियाने धुवायच्या. कच्च्या असतील तर सुटून येतात, मुरलेल्या असतील तर चिकटून राहतात. माझ्या चिकटून राहिल्या, म्हणजे लागण निदान तीन महिन्यांपूर्वीची, दिवस राहण्याच्या आधीची. मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. हाक मारली तर ऐकत नाही, पण त्यात सीएमव्हीचा हात नाही. लक्षण नसताना, डॉक्टरांनी न सांगता, पॅकेजमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून टॉर्च करून घेऊ नये असं माझं ठाम मत तेव्हापासूनचं.

राहता राहिला पुतण्या. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत सीएमव्ही महिनोन्‌महिने असू शकतो, आणि जुन्या लागणीवर दुसऱ्या जातीचा सीएमव्ही होण्याची शक्यता अगदी शून्य नसते, फार कमी असते. त्यासाठी पोराला लांब ठेवायची काहीच गरज नाही. त्याची लंगोट बदलली, नाक पुसलं की साबणाने हात धुवायचे. पापा घ्यायचा तर ओठांऐवजी डोक्यावर. आणि त्याच्या ताटलीत उरलेला वरणभात ‘वाया नको जायला’ म्हणून काकूने संपवायचा नाही. तो तुम्ही संपवा.