८५ हजारांचा गेमिंग पीसी घ्यावा का?

प्रश्न : मुलासाठी दुकानदाराने ८५ हजारांचं कोटेशन दिलंय : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ६५० वॅट एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग). घ्यावा का?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, ग्राफिक्स कार्ड चांगलंय, १०८०पी (फुल एचडी) गेम मजेत चालतील. मला काळजी एसएमपीएसची. नुसतं ‘६५० वॅट’ लिहिलंय, कंपनीचं नावच नाही. हे कार्ड ११५ वॅटचं, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचाही पुरेल. पण बिननावाचा जळाला तर मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. रॅमची १६ची एकच स्टिक नको, ८-८च्या दोन घ्या. प्रोसेसर जुन्या एएम४ सॉकेटचा (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची खाच), पुढे वाढवायला वाव कमी. प्रत्येक पार्टची किंमत आणि वॉरंटी वेगळी लिहून मागा. जुळणीचे दोन-तीन हजार खुशाल द्या. पार्टच्या बेरजेपेक्षा पंधरा हजार जास्त दिसले तर दुसरं दुकान बघा.